‘वाइन-डार्क’ : एका इंग्रजी समासाची चिकित्सा

१

परभाषेतून आलेला एखादा शब्द वाचकाच्या कानांत इतका मुरतो की तो मूळ कवीचा की मध्यस्थाचा, हा प्रश्नच त्याला सुचेनासा होतो. होमरच्या समुद्राला लागणारे ‘वाइन-डार्क’ हे इंग्रजी विशेषण या जातीचे आहे. भारतातील बहुसंख्य वाचकांना ‘इलियड’ व ‘ओडिसी’ ही महाकाव्ये इंग्रजीच्या दारातून भेटली. त्या दारातून जे काही आत आले, त्यात या दोन पदांच्या जोडीइतके स्मरणाला चिकटून राहिलेले दुसरे फारसे काही नाही. युद्धातील वीरांची नावे विसरली जातात, प्रसंगांचा क्रम विस्कटतो. मद्यासारखा काळोखा समुद्र मात्र विसरला जात नाही. होमरच्या प्रतिभेचा दाखला म्हणून हे विशेषण पुढे केले जाते, आणि त्याच्या रंगदृष्टीविषयीची अनुमानेही त्याच्या आधाराने मांडली जातात.

या सर्वांत एक साधी गोष्ट नजरेआड होते. मूळ ग्रीक विशेषणात मद्य आहे, काळोख नाही. मूळ शब्द ‘ओइनोप्स’ असा आहे. ‘ओइनोस’ म्हणजे द्राक्षांचे मद्य. ‘ओप्स’ म्हणजे डोळा, मुख, किंवा नजरेला दिसणारे रूप. मद्यासारखे ज्याचे रूप, असा तो समुद्र. ‘डार्क’ हे उत्तरपद इंग्रजी अनुवादकांनी आपल्या पदरचे घातले आहे. ते त्यांनी का घातले, त्याने इंग्रजी कवितेला काय मिळाले आणि होमरचे काय हरवले, याचा शोध घेणे हे केवळ कोशकाराचे काम नव्हे. ज्या ज्या भाषेत होमर पुन्हा पुन्हा आणला जाणार आहे, त्या प्रत्येक भाषेच्या समीक्षेपुढे हा प्रश्न उभा राहणार आहे. मूळ कवीने जे न बोलता सोडले, ते अनुवादकाने बोलावे काय, असे त्या प्रश्नाचे खरे स्वरूप आहे.

२

या चिकित्सेसाठी लागणारी साधने भारतीय वाचकाच्या घरातच आहेत. समासांचे वर्गीकरण संस्कृत वैयाकरणांनी इतक्या काटेकोरपणे केले की ‘बहुव्रीहि’ ही त्यांची संज्ञा युरोपीय भाषाशास्त्राने जशीच्या तशी स्वीकारली. ‘ओइनोप्स’ हा बहुव्रीहि होय. चंद्रमुखी, कमलनयन, मृगाक्षी हे शब्द ज्या घडणीचे आहेत, त्याच घडणीचा तो आहे. समासातील दोन्ही पदे मिळून तिसऱ्याच कोणाचे तरी वर्णन करतात, आणि तो तिसरा येथे समुद्र आहे. ‘वाइन-डार्क’ मात्र बहुव्रीहि नाही. तो उपमानपूर्वपद कर्मधारय आहे. उपमानवाचक पदाचा साधारणधर्मवाचक पदाशी होणारा समास पाणिनीने स्वतंत्र सूत्राने सांगितला असून, त्याचे ‘घनश्याम’ हे परंपरागत उदाहरण मराठी माणसाच्या जिभेवरच आहे. मेघासारखा श्याम तो घनश्याम. मद्यासारखा काळोखा तो ‘वाइन-डार्क’.

दोन समासांतील हा भेद वरवर पाहता तांत्रिक वाटेल. वस्तुतः तो काव्यार्थाचा भेद आहे. अलंकारशास्त्राने उपमेची चार अंगे मानली: उपमेय, उपमान, साधारणधर्म आणि वाचक. चारही उपस्थित असली तर उपमा पूर्ण. एखादे गाळले गेले तर ती लुप्तोपमा. ‘वाइन-डार्क’ या समासात केवळ वाचक शब्द लुप्त आहे, साधारणधर्म स्पष्ट उच्चारला आहे. ‘ओइनोप्स’ या समासात वाचक आणि धर्म दोन्ही लुप्त आहेत. समुद्र आणि मद्य यांच्यात काहीतरी समान आहे एवढेच ग्रीक कवी सांगतो. ते ‘काहीतरी’ कोणते, हे तो सांगत नाही. ‘चंद्रमुखी’ म्हटल्यावर चंद्राची कांती घ्यावी, त्याचे वर्तुळ घ्यावे की त्याची आल्हादकता घ्यावी, हे शब्द सांगत नाही. प्रसंग आणि परंपरा सांगते. ‘चंद्रगौर’ म्हटले की प्रश्न मिटतो, पण त्याबरोबर इतर वाटाही मिटतात.

मद्यात समान म्हणून घेण्याजोगे पुष्कळ आहे. त्याला रंग आहे आणि चकाकी आहे. पात्रात ओतताना त्याच्या कडेला फेस येतो. खोल पात्रात ते गडद दिसते आणि ओठाशी आणल्यावर पारदर्शक होते. त्याशिवाय ते माणसाला धुंद करते आणि प्रसंगी बुडवते. यांपैकी समुद्राला काय लागू करावयाचे? ‘ओइनोप्स’ या शब्दाने यांतील एकही वाट बंद केलेली नाही. ‘वाइन-डार्क’ने एक वगळून सर्व बंद केल्या.

या विशेषणाचा एक साक्षीदार इंग्रजी वाचकाच्या सहसा ध्यानात राहत नाही. तो म्हणजे बैल. होमरच्या काव्यांत ‘ओइनोप्स’ हे विशेषण समुद्राखेरीज केवळ बैलांनाच लागते. ‘इलियड’च्या तेराव्या सर्गात खांद्याला खांदा लावून लढणाऱ्या दोन एजॅक्स वीरांना नांगर ओढणाऱ्या बैलजोडीची उपमा दिली आहे, ते बैल ‘ओइनोप्स’ आहेत. ‘ओडिसी’च्याही तेराव्याच सर्गात ओडिसियस सूर्यास्ताची वाट पाहतो, आणि त्याची तुलना दिवसभर नांगरट करून भुकेलेल्या शेतकऱ्याशी केली आहे. त्याच्या नांगराचे बैलही ‘ओइनोप्स’च. हा शब्द महाकाव्यांहून जुना असावा असे मानण्यास आणखीही आधार आहे. क्रीट बेटावरील क्नोसोस येथील मृत्पट्टिकांची लिपी मायकेल व्हेंट्रिसने १९५२ साली उलगडल्यानंतर त्या पट्टिकांत काही बैलांची नावे आढळली, आणि त्यांपैकी एक नाव याच शब्दाचे प्राचीन रूप आहे असे विद्वान मानतात. ढवळ्या-पवळ्या म्हणून बैलांना हाक मारणाऱ्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही.

बैलाची साक्ष महत्त्वाची आहे ती अशी. तांबूस अंगाचा, घामाने आणि उन्हाने चकाकणारा बैल डोळ्यांपुढे आणला की मद्याशी त्याचे नाते चटकन पटते. त्यासाठी काळोखाची गरज पडत नाही. समुद्र आणि बैल या दोहोंना एकाच वेळी सामावून घेईल असा धर्म शोधू गेल्यास रंगाहून चकाकी, किंवा रंग आणि चकाकी मिळून होणारी एकच संवेदना, अधिक जवळची ठरते. समुद्रासाठी एक शब्द आणि बैलासाठी दुसरा असा मार्ग अनुवादकाला मोकळा आहे. पण तो घेतल्यास मूळ कवीने जोडलेले दोन पदार्थ अनुवादात तुटतात.

३

इंग्रजीने हा कर्मधारय का निवडला, याचे उत्तर त्या भाषेच्या स्वभावात आहे. हिमासारखे पांढरे, रक्तासारखे लाल अशा अर्थाची ‘स्नो-व्हाइट’, ‘ब्लड-रेड’ ही जोडविशेषणे इंग्रजीत तिच्या प्राचीन अवस्थेपासून आहेत. ग्रीक बहुव्रीहि इंग्रजीत जसाच्या तसा उतरवावयाचा तर ‘वाइन-फेस्ड’ किंवा ‘वाइन-आइड’ असे काहीतरी करावे लागते, आणि त्यातून मद्यपी माणसाचा तांबारलेला चेहरा डोळ्यांपुढे येतो. पोपसारख्या अठराव्या शतकातील अनुवादकाने अशी जोडविशेषणे पुष्कळदा सामान्य, शिष्टसंमत शब्दांत विरघळवून टाकली. १८५६ साली फ्रान्सिस न्यूमनने ‘इलियड’च्या अनुवादात मुद्दाम जुनाट आणि विक्षिप्त शब्द वापरले, त्यावर मॅथ्यू आर्नल्डने होमरच्या अनुवादाविषयीच्या व्याख्यानांत कठोर टीका केली. ही व्याख्याने १८६१ साली ग्रंथरूपाने आली. होमर वेगवान आहे, विचाराने व शब्दाने सरळ आहे आणि उदात्त आहे. ज्या शब्दापाशी वाचक अडखळून उभा राहतो तो शब्द होमरचा नव्हे, असा त्या टीकेचा गाभा होता.

१८७९ साली एस. एच. बुचर आणि अँड्रू लँग यांनी ‘ओडिसी’चा गद्यानुवाद प्रसिद्ध केला. बायबलच्या जुन्या इंग्रजीची आठवण करून देणारी त्याची शैली पुढे अनेक पिढ्यांच्या वाचनात राहिली, आणि ‘वाइन-डार्क’ हे विशेषण इंग्रजी वाचकाच्या मनात स्थिर होण्यात या अनुवादाचा वाटा मोठा आहे. त्यांनी परकी कल्पना इंग्रजीच्या घरगुती साच्यात ओतली. साचा ‘स्नो-व्हाइट’चा, द्रव्य ग्रीक.

तथापि साचा तोच असला तरी परिणाम तोच झाला नाही. आणि या शब्दाचे काव्यगुण येथेच सापडतात. ‘स्नो-व्हाइट’मध्ये उपमानाचा धर्म प्रसिद्ध आहे. हिम म्हटले की पांढरेपणा मनात आलेलाच असतो. उत्तरपद केवळ त्याला दुजोरा देते. ‘घनश्याम’मध्येही तसेच आहे. मद्य म्हटल्यावर मात्र प्रथम मनात येतो तो तांबडा वा जांभळा रंग, नाहीतर धुंदी. काळोखेपणा हा मद्याचा प्रसिद्ध धर्म नव्हे. म्हणून ‘वाइन’ या पदाने उभी केलेली अपेक्षा ‘डार्क’ हे पद पुरी करीत नाही, ती वळवते. ‘डार्क’ हे कोणत्याही रंगाचे नाव नाही; ते प्रकाशाच्या उणिवेचे नाव आहे. परिणामी पूर्वपदातील तांबूस-जांभळी छटा तळाशी राहते आणि उत्तरपद तिच्यावर सावली धरते. मद्याने भरलेल्या खोल पात्रात डोकावून पाहिल्याचा भास त्यातून होतो. दोन्ही पदांवर आघात आहे, दोन्हींतील स्वर दीर्घ आहेत, आणि पाठोपाठ ‘सी’ हा तिसरा आघात येतो. या तीन जड पावलांमुळे वाचनाची गती आपोआप मंदावते.

हे सर्व गुण इंग्रजी शब्दाचे आहेत, आणि ते मान्य केलेच पाहिजेत. उपमेत धर्म उच्चारल्याने ती नेहमीच दुबळी होते असे नाही; अप्रसिद्ध धर्म उच्चारला तर ती नव्याने जिवंत होऊ शकते. रिचमंड लॅटिमोरच्या १९५१ सालच्या ‘इलियड’मध्ये ‘वाइन-ब्लू’ असा पर्याय आला. समुद्राचा निळा रंग त्यात आला खरा, पण मद्य निळे नसल्यामुळे उपमान आणि धर्म परस्परांपासून फुटून निघाले. ‘वाइन-डार्क’ टिकला तो अशा पर्यायांशी तुलना होऊनच.

परंतु टिकता टिकता तो अवतरणचिन्हांत गेला. इंग्रजीत एखादे वस्त्र किंवा एखादी भिंत ‘वाइन-डार्क’ आहे असे कोणी म्हटले तर त्यामागे होमरचा समुद्र ऐकू येतोच. जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ (१९२२) या कादंबरीच्या आरंभीच एक पात्र मूळ ग्रीक शब्द उच्चारते, आणि डब्लिनच्या समुद्राला त्याच धर्तीचे पण किळसवाणे असे नवे विशेषण बहाल करते. गांभीर्य इतके गोठल्यावर विडंबन ओघानेच येते. लिओनार्दो शाशा या सिसिलियन लेखकाच्या १९७३ सालच्या कथासंग्रहाच्या इटालियन नावाचा अर्थ केवळ ‘मद्याच्या रंगाचा समुद्र’ असा आहे. इंग्रजीत येताना तेही ‘द वाइन-डार्क सी’ झाले. १९९३ साली पॅट्रिक ओब्रायनने आपल्या सागरी कादंबरीला हेच नाव दिले. अनुवादकाचा शब्द असा मूळ शब्दाहून बलवान झाला.

४

‘डार्क’ने होमरचे काय हरवते, हे प्रत्यक्ष स्थळे पाहिल्यावाचून सांगता येणार नाही. कारण काही स्थळी हा शब्द चपखल बसतो. ‘ओडिसी’च्या दुसऱ्या सर्गाच्या अखेरीस सूर्य मावळून वाटा अंधारल्यावर टेलेमॅकस पित्याच्या शोधार्थ गलबत हाकारतो, आणि अथीना त्याच्यासाठी ‘ओइनोप्स’ समुद्रावरून गाणारा पश्चिमवारा पाठवते. तेथे रात्र आहे. काळोख बाहेरून आणावा लागत नाही. पाचव्या सर्गात कॅलिप्सोला ओडिसियस सांगतो की, एखाद्या देवाने ‘ओइनोप्स’ समुद्रात पुन्हा आपले गलबत फोडले तरी आपण तेही सोसू. तेथे समुद्र शत्रू आहे, आणि ‘डार्क’मधील अशुभाची छाया अनुचित वाटत नाही. ‘इलियड’च्या तेविसाव्या सर्गातील प्रसंग याहूनही गंभीर आहे. पॅट्रोक्लसच्या चितेपाशी अकिलीस आपले केस कापतो. मायदेशी परतल्यावर तेथील नदीला अर्पण करावयाचे म्हणून ते राखलेले होते. परतणे आता नाही हे ओळखून तो ‘ओइनोप्स’ समुद्राकडे पाहत बोलू लागतो. इंग्रजी वाचकाला तेथे ‘डार्क’ हा शब्द शोकाचाच शब्द वाटतो.

आता दुसरी बाजू. ‘इलियड’च्या पाचव्या सर्गात देवांचे घोडे एका झेपेत किती अंतर तोडतात हे सांगावयाचे आहे. उंच टेकडीवर बसलेला माणूस ‘ओइनोप्स’ समुद्रावरून नजर टाकतो आणि दूरच्या धूसर कडेपर्यंत जेवढे त्याला दिसते, तेवढे ते अंतर. येथे सगळा प्रश्न दिसण्याचा आणि नजरेच्या पोहोचीचा आहे. काळोखा समुद्र येथे उपमेच्याच विरुद्ध जातो. सातव्या सर्गात हेक्टर द्वंद्वाचे आव्हान देताना म्हणतो की, हेलेस्पाँटच्या काठावरचा मृत वीराचा थडग्याचा उंचवटा पुढे कधीतरी ‘ओइनोप्स’ समुद्रातून जाणारा खलाशी पाहील आणि हेक्टरच्या पराक्रमाची आठवण काढील. हा समुद्र कीर्तीचा मार्ग आहे. त्यावरून भविष्यकाळ चालत येतो. ‘ओडिसी’च्या एकोणिसाव्या सर्गात वेषांतर केलेला ओडिसियस पेनेलोपीला क्रीट बेटाचे वर्णन सांगतो: ‘ओइनोप्स’ समुद्राच्या मध्यभागी वसलेली, सुंदर, सुपीक, नव्वद नगरांची भूमी. त्या वर्णनात प्रसन्नताच आहे; ‘डार्क’ने तिच्यावर विनाकारण सावट येते.

या स्थळांची तुलना केली की निर्णय करणे अवघड राहत नाही. मूळ विशेषण शोकाला, प्रवासाला, कीर्तीला आणि समृद्धीला सारखेच साथ देते, कारण साधारणधर्म त्याने मोकळा ठेवला आहे. प्रसंग जो रंग देईल तो ते घेते. इंग्रजी विशेषण काही स्थळी मूळाहून प्रभावी आहे, आणि नेमके त्याच कारणाने इतर स्थळी ते प्रसंगावर कुरघोडी करते.

या वारंवारतेचे मर्म मिल्मन पॅरीने १९२८ साली पॅरिस येथे सादर केलेल्या प्रबंधांत उलगडले. होमरची ठरीव विशेषणे प्रत्येक प्रसंगासाठी नव्याने निवडलेली नाहीत. नाम आणि विशेषण यांच्या तयार जोड्या वृत्ताच्या ठरावीक जागी बसतात, आणि मौखिक परंपरेतील गायकाला त्यांच्या आधारे काव्य रचता येते. ‘ओइनोपा पोन्तोन’ ही जोडी षट्पदी ओळीच्या शेवटी अशीच बसते. अशा विशेषणापाशी श्रोता थांबत नाही. महाभारतातील ‘महाबाहो’ या संबोधनाने कोणी प्रत्येक वेळी बाहूंची लांबी मोजत नाही, आणि कीर्तनात ‘सावळा विठ्ठल’ ऐकणारा भक्त वर्णाचा विचार करीत बसत नाही. तरीही ती विशेषणे रिकामी नसतात. मूर्तीला जसा नित्याचा पोशाख, तसा नामाला त्यांचा पोशाख असतो. ‘वाइन-डार्क’ मात्र वाचकाला प्रत्येक वेळी थांबवतो. आर्नल्डने सांगितलेली कसोटी लावली तर इंग्रजीतील हे सर्वांत लाडके होमरी विशेषण त्या कसोटीला उतरत नाही, हे मान्य करावे लागते.

५

या विशेषणाभोवती एक जुना वाद आहे, आणि त्यात भारतीय साहित्यशास्त्राला सांगण्यासारखे काही आहे. पुढे चार वेळा ब्रिटनचे पंतप्रधानपद भूषविणाऱ्या ग्लॅडस्टनने १८५८ साली होमरवर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. होमरचे रंगवाचक शब्द त्याला अनिश्चित वाटले. समुद्र मद्यासारखा, बैलही तसाच. होमरची दृष्टी रंगांपेक्षा प्रकाश आणि काळोख यांवर अवलंबून होती आणि त्या काळच्या ग्रीकांत रंग ओळखण्याची शक्ती अर्धीच विकसित झाली होती, असा निष्कर्ष त्याने काढला. १८६७ साली लाझारुस गायगर या जर्मन भाषापंडिताने हाच विचार पुढे नेऊन वैदिक सूक्तांकडे बोट दाखविले: आकाशाचे एवढे वर्णन करणारी ही सूक्ते ते निळे आहे असे सांगत नाहीत. पुढे रंगनामे आणि रंगसंवेदना या दोन गोष्टी भिन्न आहेत हे स्पष्ट होत गेले. १९६९ साली बर्लिन आणि के यांच्या ग्रंथाने भाषाभाषांतील रंगनामांच्या तुलनेला नवी दिशा दिली. ग्रीक लोक मद्यात पाणी मिसळीत, आणि त्या पाण्यातील क्षारांमुळे मद्य निळे होत असावे, असाही तर्क विसाव्या शतकात लढविला गेला. सूर्यास्ताच्या लालीने समुद्र मद्यासारखा दिसतो, हे स्पष्टीकरण तर नेहमीचेच आहे.

या सर्व मतांत एक गृहीत समान आहे: विशेषणाने साधारणधर्म सांगितला आहे आणि तो रंगच आहे. बहुव्रीहीला कर्मधारय मानण्याची ही चूक आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त हा प्रश्न हजार वर्षांपूर्वी निराळ्या रीतीने सोडविला होता. कृष्ण आणि नील, कृष्ण आणि हरित, कृष्ण आणि श्याम, पीत आणि रक्त, शुक्ल आणि गौर हे वर्ण कवी एकच मानून वापरतात, आणि हा कविसमय आहे, असे तो सांगतो. कवींच्या डोळ्यांविषयी त्याला शंका आली नाही. वर्णाचा शब्द काव्यात येतो तो वस्तूचे मोजमाप देण्यासाठी नव्हे, हे त्याला ठाऊक होते. मराठीतही ‘निळासावळा’ हा समास कोणाला सदोष वाटत नाही, जी. ए. कुलकर्णी यांनी तो आपल्या १९५९ सालच्या कथासंग्रहाला नाव म्हणून दिला, तेव्हा निळा की सावळा असे कोणी विचारले नसेल.

६

मराठी अनुवादकाने येथे काय करावे? इंग्रजी समास पदशः उतरवून ‘मद्यश्याम’ केले तर तो बुचर-लँग यांचा अनुवाद होईल, होमरचा नव्हे. शिवाय ‘श्याम’ या पदाबरोबर मेघश्याम विष्णू येतो, आणि त्या श्यामतेत वात्सल्य आहे. ‘डार्क’मधील भीती तीत नाही. म्हणजे इंग्रजीचा दोष घेऊन त्याचा गुण मात्र गमवावा लागेल.

पूर्वपदाची अडचण याहून मोठी आहे. ग्रीकांना मद्य अन्नाइतके नित्याचे होते. मराठीत ‘दारू’ म्हटली की गुत्ता आणि उद्ध्वस्त संसार आठवतो; ‘मद्य’ या शब्दाला दारूबंदीच्या कायद्याचा वास येतो; ‘द्राक्षासव’ म्हटले तर वैद्याने दिलेली बाटली डोळ्यांपुढे उभी राहते. माधव जूलियन यांनी फिट्झजेराल्डच्या उमर खय्यामला मराठीत आणताना ‘द्राक्षकन्या’ (१९३१) असे नाव योजिले, आणि मद्याला काव्यात प्रतिष्ठेने बसता येईल असा एक शब्द मराठीला दिला. तो शब्द फारसी मैफलीचा आहे, ग्रीक गलबतांवर तो शोभणार नाही. पण अडचणीतून वाट काढता येते, हे त्याने दाखविले.

‘वारुणी’ हा शब्द मोह घालणारा आहे. समुद्रमंथनातून ती निघाली, जलाधिपती वरुणाशी तिचे नाते आहे, आणि वरुणाची म्हणून पश्चिम दिशाही ‘वारुणी’च, मावळत्या सूर्याच्या वर्णनात संस्कृत कवींनी या श्लेषाचा लाभ घेतला आहे. मद्य, समुद्र आणि सूर्यास्त एका शब्दात! परंतु हीच त्याची अपात्रता आहे. ज्या विशेषणापाशी श्रोत्याने थांबू नये, तेथे हा शब्द त्याला एका पुराणकथेसाठी थांबवील. ‘मदिराक्ष’ हा तर घडणीने ‘ओइनोप्स’चा सख्खा भाऊ दिसतो. पण संस्कृतात ‘मदिराक्षी’ म्हणजे जिची नजर धुंद करते अशी सुंदरी. ते विशेषण लावल्यास समुद्र नायिका होऊन बसेल.

उरतो तो ‘मदिरावर्ण’. तो बहुव्रीहि आहे. मदिरेसारखा ज्याचा वर्ण, तो. तांबडा की काळा, उजळ की गडद, हे तो सांगत नाही. ‘मदिरा’ हे पद काव्याला परके नाही आणि पुराणकथेने जड झालेलेही नाही. ‘वर्ण’ या पदाने रंगाची बाजू काहीशी पुढे येते आणि चकाकी मागे राहते, ही उणीव खरी; ‘मदिराभ’ म्हटल्यास चकाकी येईल, पण शब्द कानाला अनोळखी वाटेल. बैलांना मात्र ‘मदिरावर्ण’ निःशंक लावता येतो, आणि समुद्र व बैल यांची मूळची जोड शाबूत राहते. आणखी एक लाभ आहे. ‘मदिरावर्ण सागर’ ही आठ अक्षरे अनुष्टुभाच्या सम चरणात नेमकी बसतात: पाचवे लघु, सहावे गुरू, सातवे लघु. ज्या वृत्तात व्यासांचे ‘महाबाहो’ नांदले, त्या वृत्ताच्या ओळीअखेर होमरचे हे विशेषण पुन्हा पुन्हा येऊ शकेल; मूळात ते जसे ओळीच्या शेवटी येते, तसेच.

इंग्रजीतल्या ‘वाइन-डार्क’इतका हा शब्द देखणा नाही. तो अवतरण म्हणून कोणाच्या वहीत उतरला जाणार नाही, आणि त्याने कादंबरीला नावही मिळणार नाही. परंतु चितेपाशी उभ्या असलेल्या अकिलीससमोर तो खिन्न दिसेल आणि क्रीटच्या नव्वद नगरांभोवती तो प्रसन्न दिसेल. ठरीव विशेषणाकडून होमरची अपेक्षा एवढीच होती.